झैनुद्दीनचा हळद्या आणि भांगपाडी मैना: पावसाळा काढल्यानंतर

दिवाळीच्या सुमारास अठराव्या शतकातला चित्रकार शेख झैनुद्दीन याच्या दोन पक्षिचित्रांच्या प्रिंट काढून अभ्यासाच्या खोलीत लावल्या. एक फणसाच्या बुंध्यावरचा काळ्या डोक्याचा हळद्या (1778), दुसरी बोरीच्या फांदीवरची भांगपाडी मैना (1777). मूळ चित्रं अमेरिकेत, मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात आहेत. मोठ्या आकारातल्या फाइली इंटरनेटवर मिळतात. आता पावसाळाही निघालाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी छपाईचं. चकचकीत फोटोपेपर घेऊच नका, सुती मॅट कागद हवा. आमच्या प्रिंटवाल्याने पहिल्या खेपेला मागची जागा पांढरीशुभ्र करून दिली, ‘स्वच्छ दिसतं’ म्हणे! इंग्लंडहून आलेला मूळ व्हॉटमन कागद आज पिवळसर दिसतो आणि हळद्याचा पिवळा त्याच्यावरच शोभतो. पांढऱ्यावर तो थेट लिंबू झाला. फाइलीला हात न लावता पुन्हा काढायला लावली तेव्हा जमलं. पावसाळ्यात हळद्याचा कागद एका कोपऱ्यात फुगला, कारण काच थेट कागदाला टेकलेली. मैनेला माउंट (काच आणि कागद यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) होता, ती ठणठणीत.

मी यांच्यावरून पिसं रंगवायला शिकतोय, त्यामुळे नाक लावून बघणं रोजचंच. झैनुद्दीन आणि त्याच्या जोडीचे भवानी दास, राम दास हे तिघे पाटण्याचे, मुघल वळणात तयार झालेले. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एलायजा इम्पी यांच्या पत्नी मेरी यांनी बागेत पशुपक्षी पाळले होते आणि त्यांची चित्रं काढायला या तिघांना कामावर ठेवलं होतं. म्हणजे पक्षी समोर जिवंत. त्या काळात युरोपातले बरेच चित्रकार पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून काम करत, आणि ते मानेच्या ताठपणात लगेच कळतं. इथे मैनेच्या बोटांनी फांदी खरोखर धरलेली आहे. तिच्याभोवतीचे कीटकही शोभेचे नाहीत. टसर रेशमाच्या किड्याच्या कुळातले दोन पतंग, अळी, कोष, सगळं एकाच बोरीवर. भंडारा-गडचिरोलीकडच्या मंडळींना ओळख पटेल.

चित्रावर इम्पीबाईंच्या संग्रहाचा उल्लेख आहे, चित्रकाराचं नाव आहे, तो पाटण्याचा हेही आहे. ईस्ट इंडिया कंपनीसाठी राबलेल्या कितीतरी चित्रकारांना एवढंही मिळालं नाही. लहान प्रिंटमध्ये ही अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून ए-2 पेक्षा छोटी काढू नका.

पक्षी ओळखायचं पुस्तक म्हणून मात्र यांचा उपयोग नाही. सावली जवळजवळ नाही, पार्श्वभूमी कोरी, उडणारा पक्षी नाही. रानात हळद्या पानांआडून पिवळी झलक देऊन पसार होतो, इथे साहेब निवांत बसलेत. तरी जॉन लेथम या इंग्लिश पक्षितज्ज्ञाने नव्या जातींची वर्णनं लिहिताना इम्पींच्या संग्रहातल्या चित्रांचा आधार घेतला होता. हिमालयातल्या मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात इम्पी आडनाव बसलंय ते उगाच नाही. तीनशेहून जास्त चित्रांचा हा संग्रह 1810 मध्ये लंडनला लिलावात फुटला आणि कुठल्या कुठे पांगला.

पैसे वसूल झाले का? दोन्हींचे, हो. पुढचा नंबर सीताफळाच्या फांदीवरच्या काकाकुव्याचा. पांढरा पक्षी, पिवळसर कागद. त्याच्या वेळी प्रिंटवाल्याकडून आधी छोटा नमुना काढून घेणार.