ओव्हुलेशन किट: घ्या, पण मिस्टरांच्या तपासणीसकट

मेडिकलमध्ये ‘आय-नो’सारख्या नावांनी मिळणारी खोकी असोत की ऑनलाइन येणाऱ्या सुट्या पट्ट्या, सगळ्यांचं तत्त्व एकच. स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी एलएच हे संप्रेरक झपाट्याने चढतं आणि लघवीत उतरतं. पट्टी तेच पकडते. त्यानंतर साधारण १२ ते ३६ तासांत बीज फुटतं. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे आधीचे दिवस कोरडे सोडून पट्टीची वाट बघत बसणं हा या किटचा सर्वांत वाईट वापर. पाळी संपल्यावर एक दिवसाआड संबंध ठेवावेत आणि पट्टी पॉझिटिव्ह आली की तो दिवस आणि पुढचा दिवस चुकवू नये, एवढाच तिचा उपयोग.

खोक्यातल्या पट्ट्यांच्या संख्येबद्दल मात्र तक्रार आहे. पाच पट्ट्या २८ दिवसांच्या घड्याळी पाळीला पुरतात: चक्राच्या दिवसांतून १७ वजा करायचे; २८ वजा १७, म्हणजे पाळीच्या अकराव्या दिवसापासून सुरुवात. पण पाळी कधी २६ तर कधी ३२ दिवसांनी येत असेल, तर सर्वांत छोट्या चक्रावरून नवव्या दिवशी सुरुवात करून अठराव्या दिवसापर्यंत तपासावं लागतं. दहा पट्ट्या झाल्या. अशांनी खोक्याची किंमत न बघता एका पट्टीमागे किती पडतात ते बघावं आणि सुट्या पट्ट्यांचा मोठा संच घ्यावा. डिजिटल यंत्र रेघ वाचण्याचा घोळ संपवतं, पण बीज फुटल्याची खात्री तेही देत नाही.

घोळ होतो तो रेघ वाचण्यातच. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये फिकट रेघ दिसली तरी आशा असते. इथे फिकट रेघ म्हणजे निगेटिव्ह. टेस्टची रेघ कंट्रोलच्या (पट्टी चालतेय हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा त्याहून गडद हवी. सकाळची पहिली लघवी टाळावी, कारण एलएच बहुधा पहाटे चढायला लागतं आणि लघवीत उशिरा दिसतं. दुपार ते संध्याकाळ बरी, रोज वेळ एकच ठेवावी, आधी दोन तास फार पाणी पिऊ नये. निकाल खोक्यावर दिलेल्या मिनिटांतच वाचावा. तासाभराने कचऱ्यातून काढून पाहिलेली पट्टी काहीही दाखवते.

पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असेल तर पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी. त्यात एलएच मुळातच चढं राहू शकतं, म्हणून पट्टी दिवसेंदिवस पॉझिटिव्ह येत राहते. बीज फुटण्यासाठी एचसीजी या संप्रेरकाचं इंजेक्शन घेतलं असेल तरी ती खोटी पॉझिटिव्ह येते. अशा वेळी फॉलिक्युलर सोनोग्राफी (बीजाची वाढ पाहणारी) किंवा पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधीची प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्ततपासणी जास्त खरं सांगते.

किटची खरी मर्यादा वेगळीच. ते फक्त बायकोची तारीख सांगतं. गर्भनलिका बंद आहेत का, हे त्याला कळत नाही. आपल्याकडे जननमार्गाचा टीबी हे त्यामागचं एक दुर्लक्षित कारण आहे. नवऱ्याबद्दल तर ते चकार शब्द काढत नाही, आणि मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचा वाटा असतो. तरी घरोघरी सहा महिने पट्ट्या चालतात आणि मिस्टरांचा रिपोर्ट सगळ्यांत शेवटी, तोही कुरकुरत. काही शे रुपयांत होणारी ही वीर्यतपासणी किटच्या दुसऱ्या खोक्याआधीच व्हायला हवी.

तिचीही शिस्त आहे. दोन ते सात दिवसांचा संयम हवा, कमीही नको, जास्तही नको. नमुना लॅबने दिलेल्या डबीतच घ्यावा. तेल, साबण, थुंकी किंवा साधा कंडोम वापरू नये. पहिले थेंब सांडले तर लॅबला तसं सांगावं, कारण शुक्राणू त्यातच सर्वाधिक असतात. घरून नेत असाल तर डबी अंगालगतच्या खिशात ठेवून तासाभराच्या आत पोहोचवा, थंड होऊ देऊ नका.

रिपोर्टमधल्या ‘४ टक्के नॉर्मल आकार’ने घाबरू नये, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मानकात खालची मर्यादाच ४ टक्के आहे. शुक्राणूंच्या संख्येची खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, हालचाल करणाऱ्या शुक्राणूंची ४२ टक्के. यापेक्षा कमी म्हणजे ‘मूल होणारच नाही’ असं नव्हे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे मागच्या तीन महिन्यांतला डेंग्यू-टायफॉइडचा ताप आकडे पाडू शकतो. जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर संख्या शून्यावरही आणतात. हे डॉक्टरांपासून लपवू नका. रिपोर्ट बिघडलेला आला तर एकाच नमुन्यावर औषधं सुरू करू नयेत, तपासणी पुन्हा करावी.

आमचं मत: पाळी नियमित, बायकोचं वय पस्तिशीच्या आत आणि प्रयत्नांना अजून वर्ष झालेलं नाही, अशांनी किट जरूर घ्यावं, पण तीन-चार चक्रांपुरतंच. पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांत डॉक्टर गाठावा. पाळी महिनोन्‌महिने लांबत असेल, पूर्वी टीबी झाला असेल किंवा नवऱ्याचं अंडकोषाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर तेवढंही थांबू नये. पहिल्या भेटीला दोघांनीही जावं. सोबत मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा, जुन्या सोनोग्राफी आणि चालू गोळ्यांची यादी न्यावी.