आय-९०१ची पावती की ब्लॉक्ड अकाउंट?

अमेरिका की जर्मनी, हे यंदा लातुरात आमच्या गल्लीतल्याच तिघांनी विचारलं. कोर्स, रँकिंग, नोकऱ्या हे सगळं तुम्ही माझ्याआधी धुंडाळलं असणार. मी २०२३ला दोन्हीकडचे कागद केले होते, म्हणून व्हिसाच्या वाटेवरच्या फिया आणि विद्यार्थ्यांची नोंद ठेवायची पद्धत, एवढ्यापुरतंच बोलतो.

अमेरिकेचं सगळं सेव्हिसभोवती, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी सिस्टीमभोवती फिरतं. विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा फॉर्म येतो, त्यावर 'एन'ने सुरू होणारा नंबर असतो आणि त्या नंबरावर आय-९०१ फी भरायची. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी ३५० डॉलर; जून २०१९पर्यंत २०० होती. व्हिसाची फी निराळी, ती आता १८५ डॉलर आहे. मी भरले तेव्हा ३५० डॉलरचे २८ हजारांवर गेले. गांधी चौकातून प्रिंट काढून घरी आलो. दादांनी चष्मा लावून पावती दोन्ही बाजूंनी पाहिली. म्हटलं, परदेशी विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवायची सिस्टीम आहे, तिची फी. "म्हंजे आपल्यावर नजर ठेवायचे पैसे बी आपणच द्यायचे व्हय?" आणि लगेच हिशेब: सहा क्विंटल सोयाबीन.

जर्मनीत फी किरकोळ वाटते. व्हिसाचे ७५ युरो, एपीएसचे, म्हणजे आपल्या मार्कशीट तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचे १८ हजार रुपये. खरा दणका ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याचा. तेव्हा वर्षाचे ११,२०८ युरो एकरकमी लागायचे, सप्टेंबर २०२४पासून ११,९०४. आमच्याकडे त्यासाठी एफडी मोडली, उरलेलं कर्जातून आलं. ज्यांच्याकडे एवढी रक्कम एकदम उभी राहत नाही, त्यांना मी जर्मनीच घ्या असं म्हणणार नाही. पण ते पैसे आपलेच राहतात. तिथे गेल्यावर दर महिन्याला ९३४ युरो माझ्याच खात्यात पडत होते.

तरीही पैशावरून माझा निर्णय झाला नाही. झाला तो अमेरिकेच्या त्या 'एन' नंबरामुळे.

एप्रिलमध्ये पहिल्या विद्यापीठाचा आय-२० आला. घाईघाईने फी भरली, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरला, मुंबईत मुलाखतीचा स्लॉटही मिळाला. मे महिन्यात दुसऱ्या विद्यापीठाने फीमध्ये बऱ्यापैकी सवलत देऊन बोलावलं. घरात पेढे वाटले. पण नवीन विद्यापीठ म्हणजे नवीन आय-२०, आणि त्यावर एन नंबरही नवीन. भरलेली फी नव्या नंबरावर वळवता येते, बुडत नाही, हे खरं. पण तशी विनंती करा, उत्तराची वाट बघा, नवी पावती काढा. डीएस-१६०मध्ये जुनाच सेव्हिस नंबर, म्हणून तो पुन्हा भरा. त्याचा कन्फर्मेशन नंबर बदलला, म्हणून अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्येही बदला. एकेक काम दहा मिनिटांचं, पण आधीचं झाल्याशिवाय पुढचं हलत नाही. तीन आठवडे मी रोज रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडून बसायचो. आई म्हणायची, अभ्यासाला एवढा बसला असतास तर!

व्हिसा हातात नसताना आपण एका विद्यापीठाच्या दावणीला बांधलेले असतो, ते मला तेव्हा कळलं. जर्मनीत उलटं. एपीएसचं प्रमाणपत्र तुमच्या मार्कशीटांचं असतं, विद्यापीठाचं नाही. यायला वेळ लागला, पण तेच एक मी दोन विद्यापीठांना जोडलं. ब्लॉक्ड अकाउंटलाही तुम्ही कुठे शिकणार याचं सोयरसुतक नाही. जूनमध्ये मी अमेरिकेचा स्लॉट सोडून दिला. ३५० डॉलर गेले, ते परत मिळत नाहीत.

पोचल्यानंतरचं म्हणाल तर अमेरिकेत घर बदललं की १० दिवसांत कळवायचं, पूर्ण कोर्सलोड ठेवायचा, आणि विद्यापीठ हे सगळं सेव्हिसमध्ये नोंदवतं. तिथल्या मित्रांना त्याचा रोजचा जाच नाही; इंटरनॅशनल ऑफिस बरंच सांभाळून घेतं म्हणतात. मला इकडे जर्मनीत घर बदललं की नगरपालिकेच्या ऑफिसात नोंदणी करावी लागते, आणि रेसिडेन्स परमिटचं पत्र जेव्हा यायचं तेव्हा पोस्टाने येतं. तेही काही कमी नाही. शिवाय भाषेचा डोंगर आहेच. विद्यापीठ एकच आणि पक्कं असेल, स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणितात शिकून ओपीटीची, म्हणजे शिक्षणाशी संबंधित कामाच्या परवानगीची १२ अधिक २४ महिन्यांची नोकरी गाठायची असेल, तर अमेरिकाच बरी, असं मलाही वाटतं.

पण दोन-तीन विद्यापीठांच्या उत्तरांची वाट बघत असाल, तर मी जर्मनीकडे झुकेन. आणि अमेरिकाच ठरली, तर पहिला आय-२० आल्या आल्या कार्ड काढू नका. फी मुलाखतीच्या तीन-चार कामाच्या दिवसांआधी भरली तरी चालते. व्हिसा नाकारला गेला, तर १२ महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज करताना तीच फी चालते, म्हणून पावती जपा. प्रिंट दोन काढा. मुंबईत बायोमेट्रिक एक दिवस आणि मुलाखत बहुधा दुसऱ्या दिवशी असते. रात्रीची लातूर-मुंबई गाडी सुटल्यावर फाइल घरी राहिल्याचं आठवलं, तर काही करता येत नाही.