गणपती पेठेतलं अत्तराचं दुकान: वास गेलेल्यांनी इथून बाटल्या घ्याव्यात

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकातून दुर्बिणीने काढली आणि मला वास येणं बंद झालं. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते. सौद्याला पोती फोडली की सगळी वखार दरवळते, आणि मला काहीच नाही. जिभेला खारट-आंबट कळायचं, तिखट झोंबायचं. पण आमटीत गोडा मसाला पडलाय की कांदा-लसूण, ते सांगता येत नव्हतं.

नाकातल्या खपल्या निघून जखम भरल्यावर डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉ. थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेली ही पद्धत: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग यांचे वास सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, १२ आठवडे. त्या अभ्यासातले रुग्ण विषाणू संसर्गाचे, डोक्याला मार लागलेले वगैरे होते, शस्त्रक्रियेचे नव्हते. त्यामुळे मला खात्री कुणी दिली नाही. तरी मी सुरू केला.

ऑनलाइन मागवलेला संच निराशाजनक निघाला. त्यातल्या 'गुलाबा'त चंदन मिसळलेलं होतं, असं घरच्यांनी वास घेऊन सांगितलं. मग या दुकानात गेले. काकांनी आधी विचारलं, "अंगाला लावायला की हुंगायला?" कारण सांगितल्यावर मिश्रणाच्या बाटल्या बाजूला सारून एकेरी वासाची तेलं काढली, कापूस घातलेल्या झाकणाच्या काचेच्या डब्या दिल्या आणि तेल नाकात घालायचं नाही, असं दोनदा बजावलं. लिंबाचं तेल उघड्यावर, उजेडात लवकर उतरतं म्हणून मोठी बाटली मागूनही त्यांनी छोटीच दिली. गिऱ्हाईक तोडून खरं बोलणारा दुकानदार मला फार मोलाचा वाटतो.

एक सांगते. निलगिरी हुंगली की नाकात गार झिणझिणतं आणि वास आला असं वाटतं. ते गारपण चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या दुसऱ्या नसेचं काम आहे, वासाच्या नसेचं नव्हे. खरी परीक्षा गुलाबाची, म्हणून तोच शुद्ध हवा. मला लवंग आता ओळखू येते, गुलाब कधी येतो, कधी नाही.

दर वाजवी आहेत. लेबलं मात्र फार बारीक अक्षरात. वयस्कर माणसांना वाचता येणार नाहीत, काकांनी ती बदलावीत. दुपारी दुकान बंद असतं. आणि वास येत नसेल तर स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म आधी बसवा, बाटल्या नंतर आणा.