बेज लेदर सीट आणि डिचोलीतला पावसाळा: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही वापरलेली सेडान घेतली, ती खरं तर सीटांवर भाळूनच. फिकट बेज रंगाचं अस्सल लेदर, कुठे चीर नाही. आता मार्च संपत आलाय. या अकरा महिन्यांत सीटांवर मी जे जे केलं त्यातलं निम्मं चुकलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली चूक खोबरेलाची. घरी चामड्याच्या चपलांना तेल लावायची जुनी सवय, तोच हात सीटांवर फिरवला. दोन दिवस छान चमक होती. मग सगळं चिकट झालं आणि त्यावर आमच्या गोव्याची लाल धूळ बसली. म्हापशात सीटा शिवणाऱ्या एका जुन्या कारागिरानं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "बाय, ह्या सीटला तेल कशाला पाजतेस? ती पिते कुठे?" त्यानं सीटवर पाण्याचा एक थेंब टाकला. चांगली पाच मिनिटं गेली, थेंब मोत्यासारखा तसाच. गाड्यांच्या बहुतेक लेदरवर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक लेप असतो. तेल आत मुरत नाही, वरच राहतं, आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं खाद्य मिळतं. थेंब मुरून गडद डाग पडला तर मात्र लेदर उघडं आहे असं समजा, त्याची निगा वेगळी.

जुलैत तेच झालं. चार दिवस गाडी पोर्चमध्ये बंद होती. दार उघडलं तर कुबट वास, आणि शिलाईच्या कडेनं, हेडरेस्टच्या खाली, जिथे बाबांच्या डोक्याचं तेल लागतं नेमकं तिथे, राखाडी-हिरवट पीठ भुरभुरल्यासारखं. मला रडूच आलं.

तेव्हा लेदर क्लीनर आणि प्रोटेक्टंट (साफ केल्यावर वरून लावायचा संरक्षक लेप) अशी जोडी मागवली. बाटलीवरच्या नावापेक्षा लेबल बघा. चामडं स्वभावतः किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे कपड्यांच्या पावडरीसारखं अल्कधर्मी काही त्याला सोसत नाही. क्लीनर सौम्य आणि पाण्यात मिसळणारा हवा. आधी तोंडाला मास्क लावून, चारी दारं उघडी ठेवून बुरशी कोरड्या कापडानं टिपली आणि ते कापड फेकून दिलं. मग व्हॅक्यूम. हे टाळू नका: केरीच्या किनाऱ्यावरून आलेली वाळू शिवणीत अडकलेली असते, तिच्यावरून ब्रश फिरवला की पॉलिश पेपरच फिरतो. क्लीनर सीटवर न फवारता मऊ ब्रशवर घेतला, फेस केला, वीतभर जागा घासली, लगेच मायक्रोफायबरनं पुसली. पांढरं कापड चहाच्या रंगाचं झालं. छिद्रं असलेल्या सीटांना तर पाणी अगदीच बेतानं.

आणि आठ दिवसांनी बुरशी परत!

मी उत्पादनाला दोष द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात भाऊ बाजूच्या सीटवर बसला आणि त्याचे मोजे ओले झाले. मॅटखालचा गालिचा पिळण्याइतका भिजलेला. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी चोंदली होती आणि सगळं पाणी आत झिरपत होतं. गॅरेजमध्ये नळी फुंकून मोकळी केली, गालिचा काढून दोन दिवस पंख्याखाली वाळवला, आणि मगच सीटा पुन्हा साफ केल्या. त्यानंतर बुरशी आली नाही. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो अशा आपल्या मुलखात चामडं सुकून तडकायच्या आधी ओलीनं खराब होतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणून पावसात आजही मी घरी पोचायच्या दोन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवते आणि ओली छत्री सीटवर कधीच टाकत नाही. ओलावा शोषणारे डबे वापरलेत तर जपून: त्यांत साठणारं खारं पाणी लेदरवर सांडलं तर नवीन दुखणं.

प्रोटेक्टंट ऑगस्टमध्ये लावला, सीटा पूर्ण कोरड्या झाल्यावर, पातळ दोन हात, रात्रभर गाडी न वापरता. चमक येत नाही, हात घसरत नाही, आणि मला तेच हवं होतं. जीन्सचा निळा रंग पूर्वी पंधरवड्यात चढायचा, आता ओल्या कापडानं निघतो. सनस्क्रीनचे हातही तसेच. पण ड्रायव्हरच्या बाजूची उंच कड, जिथे चढता-उतरताना घासते, तिथला लेप तीन महिन्यांत उतरतो. तेवढी जागा मी पुन्हा करते, बाकी सीट सहा महिने तग धरते. जुन्या सुरकुत्या तशाच आहेत. बॉलपेनची एक रेघ गेली नाही, जाणारही नाही, आणि ती काढायला थिनर लावू नका, रंगच निघेल.

गेल्या मे महिन्यात वाळपईहून येताना काजूच्या बोंडांची पिशवी मागच्या सीटवर फुटली होती. घरी पोचेपर्यंत रस वाळला, तो तपकिरी डाग अजून आहे. परवा पुन्हा तेच, त्याच सीटच्या दुसऱ्या टोकाला. रस थेंबाथेंबानं वरच थांबला होता. गाडी बाजूला घेतली, ओल्या फडक्यानं टिपला, मग कोरड्यानं. आज उन्हात दार उघडून बघितलं: एका टोकाला जुना डाग, दुसरं टोक स्वच्छ बेज.