टोकन दिलं, कर्ज मंजूर होण्याआधी माघार घेतली: सात महिन्यांनंतरचा अनुभव

जुनी गाडी पक्की करताना टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, म्हणून डीलरला दिलेल्या 25,000 पैकी 22,500 परत मिळाले. उरलेले 2,500 कशाचे कापले त्याचं बिल मी अजून मागते आहे, आणि मिळेपर्यंत मागणार.

गेल्या जूनमध्ये आम्ही सेकंडहँड वॅगन-आर घ्यायला निघालो. 2018 चं मॉडेल, कंपनी फिटेड सीएनजी, एकच मालक, 61 हजार किलोमीटर, किंमत 4,15,000. गाडी सगळ्यांच्या ओळखीची आहे, तिच्याबद्दल वेगळं सांगत नाही. घाई होती ती सासूबाईंच्या डायलिसिसची. आठवड्यातून तीनदा धायरीहून एरंडवण्याला जायचं नि यायचं, रिक्षालाच महिन्याचे चार हजार जात होते. पैसे एकवेळ जाऊ देत, पण डायलिसिस झाल्यावर रिक्षा मिळेपर्यंत त्या पायरीवर डोकं टेकून बसायच्या, ते बघवत नव्हतं. त्या घाईत टोकन दिलं.

गाडीत मला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट खटकली, ती म्हणजे दुसरी चावी. किल्ली एकच होती. डीलरकडे विचारलं तर, "जुन्या मालकाकडे आहे ताई, डिलिव्हरीला देतो." दोन दिवसांनी, "कुरिअरने येतेय." पुढे, "नवीन बनवून मिळते, त्याचं काय एवढं?" घरात सगळे म्हणाले, चावीसाठी अडून बसू नकोस. पण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागते. शिवाय एक चावी कुणा अनोळखी माणसाकडे असताना गाडी रात्री सोसायटीबाहेर लावायची कशी? माझ्या मनात तर हेही आलं की जुना मालक खरंच यांच्या संपर्कात आहे का. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालक गाडी डीलरच्या ताब्यात देतो तेव्हा तशी नोंद परिवहन खात्याच्या पोर्टलवर करायची असते. ती नोंद दाखवा म्हटलं, तर तीही "होतेय" होती.

आमचं गणित असं होतं की जवळचे 1,15,000 घालायचे आणि बँकेकडून तीन लाख घ्यायचे, पाच वर्षांसाठी, साडेअकरा टक्क्यांनी. बँकेने आपला व्हॅल्युअर पाठवला. त्याने गाडीची किंमत धरली 3,40,000. बँक देणार त्याच्या 80 टक्के, म्हणजे 2,72,000. वरचे 28 हजार कुठून आणायचे? त्याच्या रिपोर्टात आणखी एक गोष्ट होती. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि या टाकीच्या प्लेटवर शेवटची नोंद 2021 ची होती. बँकेतल्या बाईंवर मी तेव्हा फार चिडले. मंजुरीला बारा दिवस लावले आणि वर किंमतही पाडली, असं मला वाटलं.

डीलरकडे यावर तोडगा तयार होता. "आमच्याकडून फायनान्स घ्या, तीन लाख पूर्ण मिळतील, फक्त 9 टक्के." माझे यजमान लगेच तयार झाले. मी हप्ता विचारला. 7,250. बँकेच्या साडेअकरा टक्क्यांनी तोच हप्ता 6,600 च्या आत बसत होता. मग 9 टक्के स्वस्त कसे? ते फ्लॅट होते. तीन लाखांवर पाच वर्षं पूर्ण व्याज, म्हणजे 1,35,000, मुद्दल फिटत गेलं तरी व्याज कमी होणार नाही. घटत्या शिलकीवर काढलं तर पावणेसोळा टक्क्यांच्या जवळ जातं. पाच वर्षांत सुमारे 39 हजार जास्त. एवढ्यात सासूबाईंची अडीच-तीन महिन्यांची औषधं येतात. मी त्याच संध्याकाळी कळवलं की गाडी नको, टोकन परत करा.

उत्तरादाखल पावतीच्या मागच्या बाजूचा फोटो आला. बारीक अक्षरात छापलं होतं: कोणत्याही कारणास्तव टोकन परत मिळणार नाही.

टोकन देताना मी सेल्समनला म्हटलं होतं की लोन झालं नाही तर पैसे परत, एवढं पावतीवर लिहून दे. तो म्हणाला, "तोंडी आहे ना ताई." मी ऐकलं नाही, पण भांडलेही नाही. घरी येऊन व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "लोन मंजूर नाही झालं तर टोकन परत मिळेल ना?" त्याने लिहिलं, "हो ताई, 100%." पुढचं सगळं या एका ओळीवर उभं राहिलं.

1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. ते कोर्ट नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागवतात. तीन आठवड्यांनी 15,000 ची ऑफर आली. मी नाकारली. मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली, वकिलाशिवाय, स्वतः लिहून. मेसेजचा स्क्रीनशॉट, बँकेचं व्हॅल्युएशन, पावतीच्या दोन्ही बाजू, सगळं जोडलं. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे करार मोडला तरी भरपाई वाजवी असावी लागते, आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अन्यायकारक कराराची व्याख्याच दिलेली आहे, हे दोन्ही लिहिलं. शेवटी लिहिलं की पैसे न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे धमकी पोकळ नव्हती. ऑक्टोबरमध्ये 22,500 खात्यात आले, "पार्किंग व हाताळणी" वजा करून.

इथपर्यंतचं मी ऑक्टोबरमध्येच लिहून ठेवलं होतं, आणि त्यात बँकेला नि सेल्समनला दोघांनाही वाईट म्हटलं होतं. आता जानेवारीत ते मत तसंच ठेवता येत नाही. बँकेच्या त्या बारा दिवसांनी मला वाचवलं. मंजुरी होऊन पैसे डीलरच्या खात्यात गेले असते आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचा बोजा चढला असता, तर माघार म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडणं, बोजा उतरवणं, आणि गाडी परत घ्या म्हणून विनवण्या करणं. आणि तो पोरगा मेसेज पुसू शकला असता. त्याने पुसला नाही. नंतर एकदा फोनवर हळूच म्हणाला, "ताई, मी लिहिलं होतं ते खरं धरूनच लिहिलं होतं." त्याच्यावरचा राग माझ्या मनात राहिलेला नाही.

नोव्हेंबरमध्ये यजमानांच्या ऑफिसातल्या एकांची तशीच वॅगन-आर, 2019 ची, थेट त्यांच्याकडून घेतली. 500 च्या स्टॅम्पवर आधी लिहून घेतलं की कर्ज नामंजूर झालं किंवा बँकेने किंमत कमी धरली, तर विसाराची रक्कम सात दिवसांत पूर्ण परत. त्यांनी न कुरकुरता सही केली आणि दोन्ही चाव्या टेबलावर ठेवल्या. खरं सांगते, त्या दोन चाव्या बघून मला गाडीपेक्षा जास्त आनंद झाला. हायड्रो टेस्टची तारीख प्लेटवर मी स्वतः वाचली. आता सासूबाई डायलिसिसनंतर सीट मागे करून डोळे मिटून घरी येतात.

एक काम मात्र राहिलंय. वर्षातून एकदा मोफत मिळणारा सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांच्या इतिहासाचा, अहवाल मी डिसेंबरमध्ये काढला. त्यात जूनमधल्या एकाच दिवशी माझ्या नावावर कर्जासाठी केलेल्या तीन चौकश्या दिसल्या. मी फक्त "हप्ता किती" विचारायला आधार-पॅन पाठवले होते, डीलरच्या एजंटाने ते तीन वित्तसंस्थांकडे टाकले. स्कोर 771 होता, 752 झाला. तिघांनाही लेखी विचारलंय की माझी संमती कुठे आहे ती दाखवा. एकीने चौकशी काढून टाकते म्हणून कळवलं. दोघींचं उत्तर यायचंय.