आरसी २००चे ‘ताजे इम्पोर्टेड’ टायर आणि माझे गेलेले १६,१५० रुपये

आरसी २००, आर १५, निन्जा ३०० असल्या लहान स्पोर्ट बाइक ज्यांच्याकडे आहेत आणि जे सध्या स्टॉकपेक्षा (गाडीसोबत कंपनीकडून आलेल्यापेक्षा) चांगले टायर शोधतायत, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पद्धत मात्र सगळी लिहितो. माझ्यासारखेच आणखी दोघे भेटले, दोघांनाही असाच माल गळ्यात मारलाय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण घरच्यांपासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी मलाच ऐकवलंय की ‘स्वस्तात घ्यायला गेलास’. मी नवखा नाही. आरसी २००ला पुढे ११०/७०-१७ आणि मागे १५०/६०-१७ मापाचा टायर लागतो, हे मला पाठ आहे. मला दोन्ही रेडियल हवे होते, पुढचा ५४एच, मागचा ६६एच. ६६ म्हणजे त्या टायरवर ३०० किलोपर्यंत भार चालतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. मला कोणी २१०ने पळवायची नव्हती. मला पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी हातात राहायला हवी होती. पुण्यातून कोकणात उतरणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, चांगला टायर हा शौक नाही.

अधिकृत विक्रेत्याने जोडीचा भाव सांगितला २२,८०० रुपये. नाना पेठेत विचारलं तर तिथेही हजार-पाचशेचाच फरक. मग इन्स्टावर रील दिसली: त्याच युरोपीय कंपनीचे टायर, ‘फ्रेश इम्पोर्ट’, पुढचा ६,९००, मागचा ९,६००. दुकान पिंपरीच्या बाजूला. फोन केला तर समोरचा अतिशय अदबीने बोलला, ‘दादा, या तर खरं, माल बघा, मग ठरवा.’ म्हटला की २०२० पासून सरकारने आयातीवर बंधनं आणलीत, म्हणून माल कमी येतो, आमच्याकडे थेट कंटेनरचा आहे. आता हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच माणूस फसतो. जून २०२० मध्ये सरकारने दुचाकीच्या टायरसकट नव्या टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, परवान्याशिवाय आणता येत नाही. मला ते माहीत होतं, म्हणूनच त्याचं बोलणं मला पटलं. पण ज्याच्याकडे थेट कंटेनर येतो त्याच्याकडे परवान्याचा कागदही असणार ना? तो मागा. नाही दाखवला तर उठा.

दुकानात टायर कसे होते सांगतो. काळेभोर, चकचकीत, कंपनीचा रंगीत स्टिकर लावलेले. खाचा पूर्ण खोल. हात लावला तर बोटाला तेलकट काळं लागलं. तेव्हा वाटलं, नव्या टायरचं मेण असेल. ते टायर पॉलिश होतं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ते याच्यावर नव्हते, त्यावर उत्तर तयार: ‘इम्पोर्टेडला फिनिशिंग असतं.’

आणि मग तो क्षण. हा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. मी विचारलं, ‘डीओटी कुठाय? तारीख बघू.’ डीओटी म्हणजे टायरच्या बाजूवर छापलेला कोड, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि साल. तोपर्यंत पोराने मागचा टायर मशीनवर आडवा टाकला होता. मालकाने वरच्या बाजूवर अंगठा ठेवून मला डीओटी दाखवला. अक्षरं होती, पुढे आकडे होते, पण शेवटचे चार आकडे नव्हते. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, ‘भाऊ, ही एक्सपोर्ट कॉपी. हिच्यावर कंपनी कोडच येतो, तारीख येत नाही.’ आता नीट ऐका. पूर्ण कोड, म्हणजे तारखेचे चार आकडे धरून, बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूला अर्धाच कोड छापलेला असतो. त्याने मला अर्धा कोड असलेली बाजू दाखवली. पूर्ण कोड असलेली बाजू खाली, मशीनच्या प्लेटवर होती. मी ‘उलटा कर’ म्हणेपर्यंत पोराने लिव्हर घालून एक कड रिमवर चढवली होती, आणि मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून मला चहाकडे घेऊन निघाला होता. दोन शब्द. ‘उलटा कर.’ ते जोरात म्हटले असते तर हे सगळं झालं नसतं. पण मशीन चालू, मागे दोन गिऱ्हाइकं उभी, जुना टायर आधीच काढून कोपऱ्यात फेकलेला. हे सगळं ठरवूनच करतात. जुना टायर आधी काढतात, म्हणजे तुम्हाला गाडी घेऊन परत फिरता येत नाही. तारीख दोन्ही टायरची, दोन्ही बाजूंनी, जुना टायर गाडीवर असतानाच बघा.

हिशोब असा: टायर १६,५००. फिटिंग, बॅलन्सिंग आणि नवीन वॉल्व्ह ४५०. जुने दोन टायर त्यांनी ठेवले त्याचे ८०० वजा. एकूण १६,१५०. त्यातले १०,००० यूपीआयने, ६,१५० रोख, कारण ‘आजची लिमिट संपत आली’. यूपीआयला नाव दुकानाचं आलं नाही, कुठल्या तरी बाईचं आलं. बिल मागितलं तर म्हणे बिल घेतलंत तर २८ टक्के वर. (तेव्हा टायरवर २८ टक्केच जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला.) हातात कच्ची पावती दिली, ‘टायर २ नग’, खाली एक सही. कायद्याने २०० रुपयांवरच्या विक्रीला नोंदणीकृत दुकानदाराने बिल द्यायलाच हवं. गिऱ्हाइकाने मागायची वाट बघायची नसते. आणि जीएसटी क्रमांक दुकानाच्या पाटीवर लिहिलेला असायला हवा. पाटी बघा. क्रमांक नसेल तर आत जायचंच कारण नाही.

निघताना तो म्हणाला, ‘नवीन टायर आहे, पहिले दोनशे किलोमीटर जपून.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. कारण हा सल्ला खरा आहे. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, थोडा घासल्याशिवाय पकडत नाही, हे प्रत्येक बाइकवाल्याला माहीत असतं. त्यामुळे औंधच्या सिग्नलला मागचं चाक जरा सरकलं तेव्हा मी म्हटलं, नवीन आहे. वाकडच्या पुलाखाली परत सरकलं, तेव्हाही तेच. माझ्याच माहितीचा त्याने माझ्याविरुद्ध वापर केला.

ताम्हिणी घाटात, ऑगस्टमध्ये, हलका पाऊस. वेग चाळीसच्या आत. डावं वळण, रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी, आणि मागचं चाक असं निघून गेलं की थ्रॉटल सोडायलाही वेळ मिळाला नाही. डावीकडून आडवा घसरलो. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरने वेळेत थांबवली म्हणून मी हे लिहितोय. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज होते. मनगट मुरगळलं, गुडघा सोलला. गाडीचं डावं फेअरिंग, क्लच लिव्हर, फूटपेग मिळून ८,७३० रुपये.

पौडला एका गॅरेजवाल्याने गाडी बघितली. बोलला काहीच नाही. पावसाने पॉलिश धुऊन गेलं होतं आणि टायर कडेला तपकिरी दिसत होता. त्याने खाचेत अंगठ्याचं नख रोवलं. नख आत जाईना. मग टायर थोडा दाबून खाच उघडून दाखवली: तळाला केसासारख्या बारीक भेगा, एकीला लागून एक, पूर्ण गोलाईभर. ‘दादा, हा रबर मेलाय.’ पुढच्या टायरवरचा रंगीत स्टिकर त्याने नखाने सोलला. खाली ३४१६. म्हणजे २०१६ सालचा ३४वा आठवडा, ऑगस्ट २०१६. आठ वर्षं जुना टायर मला ‘फ्रेश’ म्हणून विकला. मागच्या टायरची तारीख शोधली तर चेनकडच्या बाजूला, जिथे ते चार आकडे असायला हवेत तिथे, बोटभर जागा ग्राइंडरने घासून सपाट केलेली आणि वर काळा रंग. शिवाय फिरण्याच्या दिशेचा बाण उलटा. ती घासलेली बाजू डिस्कच्या बाजूने आली असती तर चाक पुसताना मला रोज दिसली असती, म्हणून टायर उलटा बसवला असणार. दुसरं काही कारण मला सुचत नाही.

टायर न वापरता पडून राहिला तरी रबर कडक होतो. त्यातली तेलं उडतात, हवा आणि उष्णता रबराला खाते. खाचा नव्यासारख्या खोल दिसतात आणि पकड गेलेली असते. कोरड्यात कळत नाही, पावसात कळतं. टायरच्या मोठ्या कंपन्या स्वतः सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी काहीही झालं तरी काढा. आणि हा माणूस आठ वर्षांचा टायर पॉलिश मारून मोटारसायकलवर चढवतो.

दुकानात परत गेलो. अदब संपली होती. ‘ओल्या रस्त्यावर तुम्ही पडलात, त्यात आमचं काय? बिल आहे का?’

पोलिसांकडे गेलो. पहिल्या ठिकाणी म्हणाले अपघात मुळशीकडे झाला, तिकडे जा. मी म्हटलं, तक्रार अपघाताची नाही, फसवणुकीची आहे. मग म्हणाले दुकान आमच्या हद्दीत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते, हे मी त्यांना सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मीच आरोपी. शेवटी अर्ज घेतला, पोचेचा शिक्का मारला आणि ‘हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा’ म्हणून वाटेला लावलं. तारीख घासून माल विकणं दिवाणी? फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, त्यात ‘टायर सोडून’ असं लिहिलेलं नाही. मी मेलो असतो तर हेच साहेब ‘वाहनावरील ताबा सुटल्याने’ असं लिहून मोकळे झाले असते. टायर कुणीही बघितला नसता.

एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही, असा शेरा मारून तक्रार निकाली काढली. निकाली! करवसुली खात्याकडे बिल न दिल्याची तक्रार करायला गेलो तर म्हणाले दुकानाचा जीएसटी क्रमांक द्या. अहो, बिल दिलं असतं तर क्रमांक मिळाला असता, आणि बिल दिलं असतं तर मी इथे कशाला आलो असतो? टायर कंपनीला फोटोंसकट मेल केला. उत्तर दोन ओळींचं: अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी नाही, त्यामुळे मदत करता येत नाही. तुमचं नाव छापलेला टायर ग्राइंडर मारून विकला जातोय, याची तुम्हाला काहीच चौकशी करावीशी वाटत नाही? प्रत्येकाकडे मला पुढे ढकलायला एक खिडकी होती. मनगटाला पट्टा बांधून, ऑफिसच्या सुट्ट्या जाळून मी या खिडक्या फिरलो, आणि एकानेही त्या दुकानात जाऊन रॅकवरचे टायर उलटून बघितले नाहीत. तिथे अजून आहेत. रील अजून चालू आहे.

आणखी एक, जे मला उशिरा कळलं: रस्त्यावरच्या दुचाकीच्या टायरला आयएसआय खूण लागते, मानक आयएस १५६२७. परदेशात बनला म्हणून सूट नाही. माझ्या दोन्ही टायरवर ती नव्हती. बीआयएस केअर ॲपमध्ये खुणेखालचा परवाना क्रमांक टाकून खरं-खोटं तपासता येतं, दुकानात उभ्या उभ्या होतं. खूण नसलेल्या मालाची तक्रारही तिथूनच करता येते.

ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन दाखल केली. पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत दोन वर्षं. दुकानाला नोटीस गेली ती परत आली, कारण मधल्या काळात पाटी बदलली. दुकान तेच, पोरं तीच, पाटीवरचं नाव नवीन. आता यूपीआयच्या खात्यावरून नाव-पत्ता मिळवायचा अर्ज दिलाय. म्हणून सांगतो, रोख एक रुपया देऊ नका. माझ्या हातात आज जे काही आहे ते त्या १०,०००च्या व्यवहारामुळे आहे. रोख दिलेल्या ६,१५०चा पुरावा शून्य.

गाडीला आता देशी कंपनीची रेडियल जोडी आहे, पक्क्या बिलासकट १०,३४०. दुकानदाराने न मागता तारीख दाखवली, तीन महिन्यांपूर्वीची. पावसात उत्तम चालते. ‘इम्पोर्टेड’ नावाचा हट्ट लहान बाइकला धरण्यासारखा राहिलेला नाही, माझं मत आहे.

ते दोन टायर मी भंगारात दिलेले नाहीत. घासलेली जागा, स्टिकरखालची तारीख, भेगा, सगळ्याचे फोटो पंचांच्या सह्यांसकट काढून ठेवलेत. तुमच्याकडे असा टायर असेल तर रागाने फेकून देऊ नका, तोच पुरावा आहे. आणि पिंपरीच्या बाजूने ‘टायर २ नग’ लिहिलेली कच्ची पावती घेऊन आलेलं कोणी असेल तर मला कळवा. एकाच विक्रेत्याने अनेकांना सारखंच फसवलं असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५मध्ये तशी सोय आहे. आम्ही तिघे आहोत, पुढच्या तारखेआधी अर्ज द्यायचा आहे.