खडे बाजारातला नागरमोथा: गड्डे घ्या, पावडर नको

उटणं यंदा घरीच करायचं म्हणून बेळगावच्या खडे बाजारातल्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातनं सामान आणलं. गव्हला, कचोरा, आंबेहळद, वाळा सगळं ठीक, त्यावर लिहिण्यासारखं काय नाही, पण नागरमोथ्याचं, म्हणजे एका गवतासारख्या झाडाच्या जमिनीखालच्या वासाच्या गाठींचं, सांगायलाच पाहिजे.

अख्खे गड्डे एक नंबर. काळपट तपकिरी, अंगावर केसाळ मुळ्या, आणि टणक इतके की आधी खलबत्त्यात फोडूनच घ्या, नाहीतर मिक्सरचं पातं गेलं म्हणून समजा. फोडलं की मातीचा, जरासा कापरासारखा वास येतो आणि तो हाताला असा बसतो की साबणानं धुतला तरी जात नाही. त्याच दुकानातली पाकिटातली पावडर मात्र निव्वळ भुसा, वास नाही, बोटात चोळली तर कचकच लागते. कधी दळून ठेवलीय देव जाणे, वासाचं तेल काय तोवर थांबतंय होय.

येळ्ळूरचे मामा तर हसायलाच लागले, "अगं लव्हाळा विकत आणलीस? आमच्या शिवारात ये की, पोतं भरून ने, वर भांगलणीची मजुरी वाचंल माझी." त्यांचंही खरंच आहे म्हणा. शेतातला लव्हाळा म्हणजे सायपरस रोटुंडस, आयुर्वेदातली मुस्ता ती हीच, आणि बाजारात नागरमोथा म्हणून बऱ्याचदा येतो तो त्याचा दलदलीत वाढणारा भाऊ, सायपरस स्कॅरिओसस. शेतातला लव्हाळा ओळखायचा कसा तर दांडा दोन बोटात फिरवून बघा, गवतासारखा गोल लागत नाही, तीन कडा लागतात. जमिनीखाली दोऱ्यात ओवल्यासारख्या गाठी असतात, कुळव मारला की दोरा तुटतो आणि प्रत्येक गाठ वेगळी उगवते, म्हणून तर शेतकरी शिव्या घालतात. तुंबलेलं पाणी आणि सावली या लव्हाळ्याला सोसत नाही, चिखलणी करून रोप लावलेल्या भातात दबून राहतो, पण धूळवाफ पेरणीत (कोरड्या मातीत पेरलेल्या भातात), बांधावर, लहान उसाच्या सरीत नुसता माजतो. उन्हाळ्यात खोल नांगरून गाठी उन्हात पाडल्या तर वाळून मरतात, मामा दरवर्षी म्हणतात करायचं म्हणून, करत कोण.

मामांच्या बांधावरचाही उकरून बघितला, वास चांगलाच आहे, पण गाठी बारक्या आणि माती, मुळ्या काढता काढता अख्खी दुपार जाते, त्यामुळं दुकानातला भाव मला तरी महाग वाटत नाही. आणि ज्या शेतात तणनाशक मारलंय तिथला तर अंगाला लावायला घेऊच नका.

मालक बोलायला तुसडे आहेत पण मागितलं तर एक गड्डा फोडून वास घ्यायला देतात, तेवढं करूनच वजन करायला सांगा. कानडीत भद्रमुष्टी म्हटलं तरी चालतं. यूपीआय घेत नाहीत, सुट्टे घेऊन जा, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर गाडी लावायला जागा मिळायची नाही.